मी, पहिली राखीव

११ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

निवड जाहीर. फिगर स्केटिंगच्या जागतिक स्पर्धेत मुलींमध्ये आमच्या संघटनेला एकच जागा आहे, ती धाकटीला मिळाली. अपेक्षित होतं. मनापासून आनंद झाला. आनंद झाला तेव्हा सात वाजून दोन मिनिटं झाली होती. मुद्दाम घड्याळ पाहिलं, पुढे कधी शंका आली तर नोंद असावी म्हणून.

निवड चाचणीत मी चौथी. पण दुसरी आलेली मुलगी परीक्षेला बसते आहे. तिसरीने लग्न ठरल्यावर बूट देऊन टाकले. म्हणजे धाकटीच्या मागे मीच. पहिली राखीव. तसं मला कोणी सांगितलेलं नाही, पण अशा गोष्टी सांगायच्या नसतात, समजून घ्यायच्या असतात. बाबा आमचे कोच, स्पर्धेला नावं तेच कळवतात, पण त्यांना विचारणं तर शक्यच नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून मृत्युपत्राची चौकशी केल्यासारखं दिसेल.

निश्चय: धाकटीचं वाईट चिंतायचं नाही. एकदाही नाही.

१२ फेब्रुवारी

एकदा झालं. ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत होती आणि मला वाटलं, पडेल. हे काळजीपोटी वाटलं. काळजी मोजायची नाही असं ठरवलं.

१४ फेब्रुवारी, पहाटे ५.४०

रिंक. सपाट करायचं यंत्र नुकतंच फिरून गेलेलं, बर्फ काचेसारखा. धाकटी सहाला येते, त्याआधीची वीस मिनिटं माझी.

सहा ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या उड्या, केल्या. काटेकोर लिहायचं तर हवेत दोन फेऱ्या होतात आणि तिसरी बर्फावर आल्यावर पूर्ण होते. फेऱ्यांची बेरीज तीनच. यंत्रवाले काका कठड्याला टेकून चहा पीत होते. पोरी, आपटलीस का, म्हणाले. मी म्हटलं, नाही काका, बसले. ते म्हणाले, मग बसायच्या आधी जरा बर्फाला सांगत जा.

माणूस चांगला आहे, पण खेळातलं कळत नाही.

१६ फेब्रुवारी

बाबांनी आज मला समोर उभं करून धाकटीला शिकवलं. मी चूक दाखवायला. हिच्याकडे बघ, म्हणाले, उडीआधी खांदा असा उघडला की संपलं. मला तोच खांदा तीन वेळा उघडावा लागला. तिसऱ्या वेळी म्हणाले, वा! अगदी हेच! चार वर्षांत त्यांनी माझ्या उडीला वा म्हटल्याची ही पहिली वेळ. धाकटी हसली नाही, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते.

आमची पहिली शाळा घरातच भरली. मी चार वर्षांची असताना बाबांनी बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतींना लावलं, मला जाड मोजे चढवले आणि लाकडी जमिनीवर घसरायला शिकवलं. मुळाक्षरं पुढच्या वर्षी आली. आकडे मात्र लगेच आले, तेही उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत, कारण परीक्षक प्रत्येक उडीला तसे गुण देतात आणि बाबा घरात सगळ्यालाच देतात. सूपला, दार लावण्याला, नमस्काराला. आईने एकदा त्यांना नवरा म्हणून उणे चार दिले होते, तेव्हा त्यांनी रीतसर हरकत नोंदवली.

धाकटी त्या वेळी पाळण्यात. ती म्हणते, मी नुसतं तायडीला बघून शिकले. म्हणजे एका अर्थी तिला मीच शिकवलं. हे बाबांना आपण होऊन सांगायचं नाही. येईल त्यांच्या लक्षात.

१९ फेब्रुवारी

दिवसभराची कामं: ब्लेडला धार. लेस बदलणं. पोशाखाचे तेरा मणी घट्ट करणं (मणी बर्फावर पडला तर एक गुण कापतात). धाकटीच्या उड्यांची वही भरणं. आज एकतीसपैकी एकोणतीस.

माझी वही वेगळी नाही, म्हणून इथेच. नऊपैकी दोन. त्यातली एक वादग्रस्त.

२१ फेब्रुवारी, दुपारी

रिंकच्या मॅनेजरबाईंनी ऑफिसात बोलावलं. शनिवार-रविवारी लहान मुलांचा वर्ग सुरू करतायत, शिकवायला मी हवी आहे. चार ते सहा वर्षांची मुलं, खुर्चीला धरून घसरणारी. सुरुवात पंधरा मार्चला. म्हणाल्या, तुझ्याइतकं पडणं कुणाला समजावता येणार नाही. हे त्यांनी कौतुकाने म्हटलं.

विचार करते म्हटलं. विचार केला, जिन्यातच. पंधरा मार्चला मी जागतिक स्पर्धेच्या गावी असेन. पहिली राखीव खेळाडू खुर्च्या ढकलत बसली आणि ऐन वेळी निरोप आला तर संघटनेचं केवढं नुकसान.

२२ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंना नकाराचं पत्र दिलं. कारण 'राष्ट्रीय जबाबदारी' असं लिहिलं. त्यांनी दोनदा वाचलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. तिने विचारू नये याची काळजी घेईन.

२५ फेब्रुवारी

नाचाच्या मास्तरांनी धाकटीच्या कार्यक्रमावर शेवटचा हात फिरवला. त्यांना आम्ही सुस्कारे म्हणतो, दर चार तालांनंतर एक सुस्कारा टाकतात म्हणून. त्यांचं जेवण चालू असताना मी धीर करून विचारलं, माझाही एकदा बघाल का. बघितला. अख्खी अडीच मिनिटं सुस्कारा नाही. शेवटी म्हणाले, तुला पाहिलं की मला माझ्या बहिणीची आठवण येते.

त्यांची बहीण कोण, ती स्केटिंग करायची का, काही माहीत नाही. धाकटीला विचारलं. ती म्हणाली, अगं त्यांची बहीण टपाल खात्यात होती. पण त्यांच्या आवाजात आपुलकी होती.

२६ फेब्रुवारी

शिंपीणबाईंकडे. धाकटीचा निळा पोशाख बेतून झाल्यावर पिशवीतून माझा जुना हिरवा काढला. चार वर्षांपूर्वीचा. जरा सैल करून मिळेल का, म्हटलं. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून सांगितलं, ताई, शिवण उसवता येते, कापड वाढवता येत नाही. शेवटी दोन्ही बाजूंना पट्टी लावायची ठरली. पट्टीचा रंग थोडा वेगळा आहे. लांबून परीक्षकांना सावली वाटेल.

निश्चय: रात्री भात-बटाटा बंद.

२७ फेब्रुवारी

बटाटा फक्त आमटीतला खाल्ला. तो आधीच घातलेला होता.

२ मार्च, संध्याकाळी ६.३०

!!!

बाबा जेवणाच्या टेबलावर पासपोर्ट गोळा करत होते. धाकटीचा, त्यांचा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, तुझाही दे. तूही चल. मला माणूस लागेल.

माणूस लागेल. बाबा मोजकं बोलतात, बाकीचं आपण ऐकायचं असतं. सगळ्यांसमोर 'राखीव' म्हणाले असते तर धाकटीचा धीर खचला असता. किती विचार करतात.

धाकटीने उडी मारून मला मिठी मारली. तायडे, आपण एका खोलीत, म्हणाली. मी तिला सांगितलं, घरात उड्या मारू नकोस, घोटा जायचा. हे म्हणताना माझ्या मनात काहीही नव्हतं. तपासलं.

६ मार्च

आईला मॅनेजरबाई बाजारात भेटल्या. संपलं.

आई ओरडली नाही, भांडी घासत बोलली, ते जास्त वाईट. म्हणाली, अगं, हातातली जागा सोडून तू तिथे जाऊन करणार काय? मी म्हटलं, आई, वेळ सांगून येत नाही. ती म्हणाली, ते संकटाबद्दल म्हणतात. मग माझी उघडी बॅग दिसली. वर धाकटीचे मोजे, खाली माझे बूट आणि हिरवा पोशाख. बराच वेळ बघत राहिली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, म्हणाली, आणि इथे तर लग्न दुसरीचंच आहे.

मग तिने पोशाख काढला, नीट घडी घालून परत ठेवला. याचा अर्थ आशीर्वाद असाही होतो.

मुलांच्या वर्गाला दुसरी कोणीतरी मिळाली म्हणे. बरं झालं. माझ्यामुळे मुलं अडून राहिली असती तर मला झोप लागली नसती.

९ मार्च

स्पर्धेची नियमावली पूर्ण वाचली, एकशे चाळीस पानं. घरात हे कोणीतरी करायला हवंच होतं. महत्त्वाचं: खेळाडूंचा क्रम सोडतीने ठरतो. सोडत चौदा तारखेला, संध्याकाळी पाच वाजता. तोपर्यंत कोणी माघार घेतली तर त्या संघटनेची राखीव खेळाडू आत येते. सोडतीनंतर येत नाही, जागा रिकामीच राहते.

हे पान मी दुमडलं नाही. नुसता पान नंबर लक्षात ठेवला आहे. सत्तावन्न.

१२ मार्च, रात्री ८

पोचलो. हॉटेल रिंकच्या समोरच. मी आणि धाकटी तिसऱ्या मजल्यावर, बाबा चौथ्यावर. खिडकीतून मोठा झेंडा दिसतो, कुणाचा ते कळलं नाही.

गळ्यात घालायची ओळखपत्रं मिळाली. धाकटीच्या पत्रावर 'खेळाडू', बाबांच्या 'कोच', माझ्या 'सहायक'. छपाईची चूक. एवढ्या मोठ्या स्पर्धेत चुका होणारच. काउंटरवरची बाई आधीच घामाघूम झाली होती, तिला आणखी त्रास देणं बरं वाटलं नाही. कार्ड उलटं करून घातलं.

१३ मार्च, दुपारी ३

सरावाचं सत्र. सगळ्या देशांच्या मुली एकाच बर्फावर, तरी एकमेकींना घासत नाहीत, माशांसारख्या. मी कठड्याशी उभी. हातात कागदी रुमालांचा डबा, पाण्याची बाटली, ब्लेडची कव्हरं, धाकटीचं जाकीट. एका परदेशी कोचने त्याच्याही मुलीचं जाकीट माझ्याकडे दिलं. मग दुसऱ्याने. एकूण चार जाकिटं झाली. माझ्याकडे बघून लोकांना विश्वास वाटतो.

धाकटीच्या उड्या सुंदर. हे लिहिताना हात अजिबात थांबला नाही. थोडा थांबला, तो पेनाची शाई बघायला.

परत येताना ती म्हणाली, तायडे, तू इथे उभी असलीस की मला भीती वाटत नाही. मी म्हटलं, उद्या लवकर झोप. तिने मला हेडमास्तरीण म्हटलं आणि माझ्या खांद्यावर भार टाकून चालली, लहानपणी चालायची तशी. जड झाली आहे.

१४ मार्च, सकाळी ६.५०

मी लिहिते आहे तेव्हा धाकटी पलंगावर बसून उजव्या घोट्याला पट्टी बांधते आहे.

काल जेवून येताना जिन्यात पाय मुरगळला. दोन-दोन पायऱ्या. (मी बाराला नोंद केली होती. बारा फेब्रुवारी.) मला आत्ता सांगितलं. थोडी सूज आहे. म्हणते, अगं काही नाही, असा दहा वेळा मुरगळलाय, आज सराव सोडते, पोट बिघडलं सांगते, परवा स्पर्धेपर्यंत ठणठणीत. बाबांना मात्र कळता कामा नये. बाबा घाबरतात आणि घाबरले की कठोर होतात.

शपथ घे, म्हणाली. घेतली. कुणाला सांगणार नाही, अशी.

१४ मार्च, सकाळी ९.१५

अस्वस्थ. नाश्त्याला अंडं घेतलं आणि खाल्लं नाही.

एकीकडे शपथ. दुसरीकडे मोठ्या बहिणीचं कर्तव्य. जखमी पायावर उडी मारली आणि आयुष्यभराचं दुखणं बसलं तर? आईला काय तोंड दाखवू? शांतपणे स्वतःला विचारलं: यात माझा स्वार्थ आहे का? पाच मिनिटं विचार केला. उत्तर आलं, नाही. पुन्हा विचारलं तेव्हा उत्तर थोडं उशिरा आलं, पण तेच आलं.

सोडतीला सात तास पंचेचाळीस मिनिटं. हे मी मोजलं नाही, समोर घड्याळ आहे.

१४ मार्च, सकाळी १०.०५

शपथ सांगण्याबद्दल होती. मी काही सांगितलेलं नाही.

हॉटेलच्या कागदावर डाव्या हाताने लिहिलं: 'मुलीचा उजवा घोटा आजच तपासावा. एक हितचिंतक.' बाबांच्या दाराखालून सरकवलं. जिन्याने खाली आले, लिफ्टमध्ये कोणी भेटायला नको म्हणून.

खाली आल्यावर लक्षात आलं, चिठ्ठी आपल्या भाषेत लिहिली. या हॉटेलात ती वाचता येणारी माणसं तीन आहेत. त्यातलं एक लिहिणारं.

असो. बाबा एवढ्या खोलात जात नाहीत.

१४ मार्च, सकाळी ११.३०

बाबा खाली आले. धाकटीला म्हणाले, पट्टी सोड. तिने आधी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघत होते, तो मोठा झेंडा कुणाचा ते आता कळलं, कुठल्यातरी बँकेचा आहे.

तिला डॉक्टरकडे घेऊन गेलेत.

१४ मार्च, दुपारी १.२०

डॉक्टर म्हणाले, साधी मुरगळ आहे, हाड नीट. पट्टी घट्ट बांधून परवा खेळता येईल. हे मला धाकटीने बाथरूममधून रडत रडत सांगितलं. मग तिने हेही सांगितलं की बाबा ऐकायला तयार नाहीत. म्हणाले, जखम लपवून बर्फावर जाणारी मुलगी माझी नाही. अर्धवट खेळून जगाला काय दाखवायचं? मी माघारीचा अर्ज देतोय.

मी तिला दाराबाहेरून धीर दिला. रडू नको, म्हटलं, हवा तेवढा वेळ घे. दाराला टेकून उभी राहिले. माझेही डोळे भरून आले होते, पण हात कोरडे होते, म्हणून मग बॅगेतून माझे बूट काढून लेस तपासले.

सोडतीला तीन तास चाळीस मिनिटं.

१४ मार्च, दुपारी ३.५०

आंघोळ केली. केस वर बांधले, घट्ट, बाबांना आवडतात तसे. हिरवा पोशाख घातला, वरून लांब कोट. पट्टी जरा काचते. श्वास वरवर घेतला तर जमतं.

धाकटी बाबांच्या खोलीत शेवटची विनवणी करायला गेली आहे. तिच्या मागोमाग लगेच जाणं बरं नाही. पंधरा मिनिटं थांबते. तिला तिचा वेळ मिळायला हवा.

मनात पूर्ण शांती. कार्यक्रम एकदा डोळे मिटून केला. सगळ्या उड्या पूर्ण झाल्या, तिन्ही फेऱ्या हवेत.

निश्चय: खेळून झाल्यावर मुलाखतीत पहिलं नाव धाकटीचं घ्यायचं.

१४ मार्च, संध्याकाळी ५.३५

जे झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे डोकं शांत होईल.

सव्वाचारला बाबांचं दार वाजवलं. आत बाबा टेबलाशी, धाकटी पलंगावर. टेबलावर चिठ्ठी, उलगडून, वर पाण्याचा ग्लास ठेवलेला. धाकटी चिठ्ठीकडे बघत होती. बहुधा ग्लासाकडे.

बाबांनी माझ्या हातातल्या बुटांकडे बघितलं. कुठे निघालीस, म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मी तयार आहे. ते म्हणाले, कशाला?

मी कोटाची बटणं काढली. ते नसतं केलं तरी चाललं असतं.

बाबांनी पोशाख पाहिला, पट्टी पाहिली. मग त्यांनी कागदांतून प्रवेश अर्जाची प्रत काढून माझ्यासमोर धरली. वर धाकटीचं नाव. खाली 'राखीव खेळाडू' असा रकाना, त्यात बाबांच्या हातची एक सरळ आडवी रेघ. फूटपट्टीने मारलेली. फेब्रुवारीतली सही.

मी म्हटलं, बाबा, चौथी मीच होते ना, आणि दुसरी परीक्षेला, तिसरीचं लग्न. ते म्हणाले, हो. मग म्हणाले, रिकामी जागा चालते. हसं चालत नाही.

ते खूप दमले होते, म्हणून शब्द नीट निवडले गेले नाहीत. मला असं वाटतं की ते मला पुढच्या वर्षासाठी जपतायत. घाईने उतरवून खेळाडू वाया जातो, हे ते नेहमीच म्हणतात, धाकटीबद्दल.

पाच वाजले. माघारीचा अर्ज अजून टेबलावरच होता, म्हणजे सोडतीत धाकटीचं नाव गेलं असेल.

कोटाची बटणं लावून खाली आले. लिफ्टमध्ये जाकीटवाला परदेशी कोच भेटला. त्याने हसून आणखी एक जाकीट दिलं.

१५ मार्च

धाकटीची सूज उतरली. पूर्ण. सकाळी ती अनवाणी पायाने खोलीभर चालली, टाचेवर, चवड्यावर, मग पलंगाच्या कडेला धरून एका पायावर फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. मग बसली आणि पाय पुन्हा बांधून मागितला. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, बाबांसाठी. दिसायला हवं ना, का नाही खेळले ते.

आईचा फोन. कशी आहे गं धाकटी, म्हणाली. मी म्हटलं, पाय बरा आहे. तू कशी आहेस, म्हणाली. रेंज गेली.

मुलांचा वर्ग आज सुरू झाला असेल.

१६ मार्च, दुपारी ४.१०

तिकिटं काढलेलीच होती, म्हणून बघायला आलो. कठड्याशी नाही, वर, नवव्या रांगेत. बाबा खाली कुणाशी तरी बोलतायत, त्यांची पाठ दिसते.

अठरावी खेळाडू उतरली, खेळली, गुण आले. मग सांगितलं की एकोणीस क्रमांकाने माघार घेतली आहे, आणि विसावी सरळ बर्फावर आली. एवढंच. चार सेकंद. मधे कोणी खोकलंसुद्धा नाही.

धाकटीचा पाय माझ्या मांडीवर होता. दुखत नाही, पण बाबा वर बघतील म्हणून. ती म्हणाली, तायडे, मी बाबांना दोनदा म्हटलं होतं, राखीव म्हणून ताईचं नाव टाका. फेब्रुवारीत एकदा आणि परवा एकदा, तू दार वाजवायच्या आधी. परवा म्हटलं, मी माघार घेते बाबा, पण निदान तिला तरी उतरू द्या.

मी विचारलं, मग? ती म्हणाली, बाबा म्हणाले, तिला आशा लावू नकोस, ती साधी आहे.

चिठ्ठीचा विषय तिने काढला नाही. म्हणजे तिला माहीत नाही. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, सगळा वेळ बर्फाकडेच बघत होती, त्यावरूनही तेच दिसतं.

मी तिला समजावलं की बाबांचं बोलणं मनाला लावून घ्यायचं नाही. ती बरं म्हणाली. गार पिशवी दर दहा मिनिटांनी पायाच्या एका बाजूवरून दुसरीकडे ठेवायची असते. चोविसावी खेळाडू संपेपर्यंत मी घड्याळ लावून ठेवत होते. एकदाही उशीर केला नाही.